शिधा, सदावर्त आणि मिरपूड

‘शिधा’ हा शब्द मराठीत दोन घरी नांदलेला आहे. एके काळी तो दानाचा शब्द होता. दारी आलेल्या याचकास अथवा वाटसरूस जे कोरडे तांदूळ, डाळ, पीठ, मीठ घालावयाचे त्यास शिधा म्हणत. दुसऱ्या महायुद्धात मुंबईसारख्या शहरांतून धान्यावर नियंत्रण आले, दुकानांपुढे रांगा लागल्या, आणि ‘रेशन’ ह्या परक्या शब्दास मराठी प्रतिशब्द शोधताना ह्याच जुन्या शब्दास कचेरीत नोकरी मिळाली. शिधापत्रिका, शिधावाटप अधिकारी, शिधावाटप कार्यालय असा त्याचा परिवार वाढला. पहिल्या शिध्यात ‘घ्या’ असा भाव होता, दुसऱ्यात ‘एवढेच’ असा आहे. शब्द तोच राहिला, पण देणारा दात्याचा कारकून झाला.

औषधोपचारांच्या वाटपासंबंधी गेली काही वर्षे जगभर जो वाद चालला आहे, त्यातील अपंगांची भीती समजून घेण्यास हा शब्दांचा संसार आम्हांस उपयोगी वाटतो. आरोग्यसेवेत सुधारणा झाली, म्हणजे सर्वांस थोडेथोडे मिळू लागले, की आपल्या वाट्याचे कमी होईल. ज्याचे शरीर वा बुद्धी मुळातच उणी ठरलेली आहे त्याच्यावर खर्च कशाला करावा, असे कोणीतरी कोठेतरी ठरवील, अशी ती भीती आहे. तिची टिंगल करणारे आणि तिचे भांडवल करणारे असे दोन्ही प्रकारचे लोक भेटतात. ती नीट वाचून पाहणारे मात्र थोडे, आणि वाचणे हाच आमच्यासारख्यांचा व्यवसाय असल्यामुळे ह्या विषयास हात घालण्याचे धाडस आम्ही करीत आहो.

ह्या वादाचा सर्वांत गाजलेला प्रवेश अमेरिकेत २००९ साली झाला. राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांच्या आरोग्यसुधारणेचा मसुदा तेथील प्रतिनिधिगृहापुढे होता. आयुष्याच्या अखेरीस आपणांस कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, ह्याविषयी रुग्णाने स्वेच्छेने डॉक्टरशी बोलावे आणि त्या भेटीचे पैसे सरकारी विम्यातून मिळावेत, असे एक साधे कलम त्यात होते. ७ ऑगस्ट २००९ रोजी अलास्काच्या माजी गव्हर्नर सेरा पेलिन ह्यांनी जाहीरपणे लिहिले की, आपल्या वृद्ध आईवडिलांना आणि डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या बाळाला सरकारी मृत्युपंचायतीपुढे उभे राहावे लागेल, आणि आरोग्यसेवेस ते लायक आहेत की नाहीत हे नोकरशहा ठरवतील. असली पंचायत मसुद्यात कोठेही नव्हती. विधान खोटे होते आणि खोटे म्हणून ते लौकरच उघडेही पडले. परंतु खोटे विधान खऱ्या भीतीच्या खांद्यावर बसून फिरू शकते, आणि विधान खोडून काढले म्हणजे भीतीही खोडली गेली असे सुधारणेच्या कैवाऱ्यांनी मानले. टीकाकार म्हणून आम्हांस ही चूक पहिलीइतकीच मोठी वाटते.

कारण पंचायत नसली तरी तिचे गणित अस्तित्वात होते. आरोग्याचे अर्थशास्त्र जाणणारे लोक उपचाराचे मोल आयुष्याच्या वर्षांत मोजतात, आणि प्रत्येक वर्षास त्याच्या प्रतीप्रमाणे वजन देतात. धडधाकट माणसाचे एक वर्ष म्हणजे पूर्ण एक. पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्याचे, किंवा दृष्टी गेलेल्याचे वर्ष एकाहून कमी. उदाहरणापुरते सहा दशांश धरू. आता एकाच खर्चात दोघांपैकी एकास दहा वर्षे वाचविता येत असतील, तर पहिल्याच्या खाती दहा जमा होतात आणि दुसऱ्याच्या सहा. हिशेबनिसाच्या मनात द्वेष नाही, तो कोणास मारीत नाही, त्याने फक्त बेरीज केलेली आहे. हे सहा दशांश कोठून आले असे विचारावे, तर पुष्कळदा असे आढळते की, ते आयुष्य कधी न जगलेल्या सर्वसाधारण लोकांना ‘अशा अवस्थेस तुम्ही किती गुण द्याल?’ असे विचारून ते काढलेले असतात. चाकांच्या खुर्चीवरील माणूस स्वतःच्या आयुष्यास बाहेरच्याहून अधिक गुण देतो, हे ह्या विषयाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. कादंबरी न वाचता तिचे परीक्षण लिहिणारे मराठीत पुष्कळ आहेत. त्यांनी निदान कोणाचा प्राणवायू तोडलेला नाही.

ऑरेगॉन राज्याने गरिबांच्या विम्यासाठी उपचारांची उतरंड लावण्याचा खटाटोप ह्याच धाटणीने केला, तेव्हा १९९२ च्या ऑगस्टात थोरले बुश ह्यांच्या सरकारने तो नामंजूर केला. अपंगांच्या आयुष्याचे मोल कमी धरल्यामुळे ही योजना १९९० च्या अपंगहक्क कायद्याशी विसंगत आहे, असे कारण देण्यात आले. दुरुस्तीनंतरच तिला मान्यता मिळाली. पुढे २०१० च्या ओबामांच्या कायद्यातही असल्या मोजमापाचा वृद्धांच्या सरकारी विम्यात उंबरठ्यासारखा वापर करण्यास मनाई घालण्यात आली. म्हणजे ज्या भीतीस वर्तमानपत्रे भाबडी म्हणत होती तिची दखल कायद्याने घेतली होती. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. २०१७ च्या जूनमध्ये, तोच कायदा मोडीत काढून गरिबांचा विमा आखडण्याचा घाट घालण्यात आला, तेव्हा सेनेटमधील बहुमतवाल्यांच्या नेत्याच्या कचेरीबाहेर ठाण मांडून बसलेले आणि पोलिसांनी उचलून नेलेले लोक पुष्कळसे चाकांच्या खुर्च्यांवरचेच होते. अपंगांस सुधारणा नको होती असे ह्यावरून कोण म्हणेल? त्यांचा धसका तराजूचा होता, आणि तो सुधारकाच्या हाती असो की काटकसर करणाऱ्याच्या, त्यांना सारखाच.

२०२० च्या साथीत ही भीती ग्रंथातून उठून रुग्णालयाच्या दारात आली. इंग्लंडच्या वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेने मार्च महिन्यात अतिदक्षता विभागात कोणास घ्यावे ह्यासाठी रुग्णाच्या दुबळेपणाची एक श्रेणी सुचविली. दैनंदिन कामांत दुसऱ्याची मदत लागते, तेवढ्यावरून मतिमंद आणि मेंदूच्या पक्षाघाताचे तरुणही त्या श्रेणीत खाली ढकलले जातील, असा ओरडा झाला आणि पाच दिवसांत दुरुस्ती करावी लागली. अलाबामा राज्याच्या २०१० च्या आराखड्यात तर तीव्र मतिमंदत्व असलेली व्यक्ती श्वासयंत्रास फारशी पात्र नाही, असे लिहूनच ठेवले होते. तक्रार झाल्यावर एप्रिल २०२० मध्ये राज्याने ते आता लागू नाही असे जाहीर केले. दहा वर्षे तो कागद कपाटात होता आणि कोणास खटकला नव्हता.

आता आमच्या चेन्नईकडे येऊ. पेलिनबाईंच्या लेखाच्या पंधरवडाभर आधी, २३ जुलै २००९ रोजी, तमिळनाडू सरकारने कलैञर ह्या मुख्यमंत्र्यांच्या उपाधीने ओळखली जाणारी विमायोजना सुरू केली. वार्षिक ७२,००० रुपयांहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबास ठरावीक रोगांच्या यादीतील उपचारांसाठी चार वर्षांत मिळून एक लाखापर्यंतचा खर्च खाजगी रुग्णालयांतही मिळावा, अशी तिची रचना होती. त्याच वर्षी करुणानिधींच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढील सारे राजकारण त्यांनी चाकांच्या खुर्चीतून केले. २०११ मध्ये सरकार बदलले आणि २०१२ मध्ये योजनेचे नाव बदलले. नंतर यादी वाढली, रक्कम पाच लाखांपर्यंत गेली, उत्पन्नाची मर्यादा १,२०,००० झाली. योजनेने पुष्कळांचे प्राण वाचविले, ह्यात शंका नाही. परंतु त्या उन्हाळ्यात अमेरिकेत ज्या प्रश्नावरून सभा उधळल्या जात होत्या, तो प्रश्न येथे कोणी उच्चारलाही नाही. आमचे लोक अधिक सुज्ञ म्हणून असे झाले काय? आम्हांस तसे वाटत नाही. जेथे बहुतेक खर्च रुग्णाच्या खिशातूनच होतो, तेथे पंचायत बसविण्याची गरज नसते. बिलाचा कागद हीच पंचायत असते आणि तिचा निकाल घरातली माणसे रात्री आपापसांत बोलून लावतात.

शिवाय यादी हा एक मोठा चतुर वाङ्मयप्रकार आहे. नकार द्यावयाचा तर कोणास तरी तोंड उघडावे लागते, आणि उघडलेल्या तोंडाशी भांडता येते. यादी काहीच नाकारीत नाही. तिच्यात जे नाही ते नाही. रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांचा विमा हा मुळात प्रसंगाचा विमा असतो: रोग आला, शस्त्रक्रिया झाली, रुग्ण घरी गेला, हिशेब मिटला. अपंगत्व असे मिटत नाही. मणक्याला इजा झालेल्या माणसास रोज लागणारी लघवीची नळी, शय्याव्रण होऊ नये म्हणून हवेची गादी, सांधे आखडू नयेत म्हणून वर्षानुवर्षे करावा लागणारा व्यायाम, कूस बदलून देणारा एक माणूस, ह्यांपैकी कशालाही प्रसंगाचा मान नाही. मदतनिर्वाहाचा भत्ता आणि साधने देणारे अपंगकल्याणाचे वेगळे खाते राज्यात आहे, हे खरे. पण त्याची कचेरी वेगळी, अर्ज वेगळा, दाखला वेगळा. शरीर एकच असते.

दाखल्याची भाषा हा तर स्वतंत्र लेखाचा विषय होईल. २०१६ च्या केंद्रीय कायद्याने बहुतेक सवलतींसाठी अपंगत्वाचा उंबरठा चाळीस टक्के ठेविला आहे. शाळेत पस्तीस गुणांस उत्तीर्ण करतात, येथे चाळीस लागतात, आणि नापास झालेल्यास ‘तू धडधाकट आहेस’ असे सांगून परत पाठवितात. नावे मात्र उंच उंच होत गेली. तमिळमध्ये पूर्वी ‘ऊनमुट्रोर’ म्हणत. त्यातील ‘ऊन’ म्हणजे आपलेच ‘उणे’. २०१० च्या सुमारास सरकारी व्यवहारात ते जाऊन ‘माट्रुत्तिरनाळि’, म्हणजे निराळ्या सामर्थ्याचा, हे नाव आले. उत्तरेकडून पाच-सहा वर्षांनी ‘दिव्यांग’ आले आणि मराठी फलकांवर जाऊन बसले. अपंगांचा शब्द बदलण्यास आमचा विरोध नाही. परंतु नावाने दिव्य आणि टक्क्याने उणा अशी जी मूर्ती कागदावर उभी राहते, तिच्याकडे पाहून हसावे की रडावे हे समजत नाही.

त्याच कायद्याचे पंचविसावे कलम मात्र आम्ही वाचकांस मुद्दाम वाचावयास सांगू. अपंगांस जवळपास, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत उपचार मिळावेत, असे ते म्हणते आणि लगेच कुटुंबाच्या उत्पन्नाची अट घालते. सरकारी आणि खाजगी रुग्णालयांत अडथळ्यावाचून प्रवेश मिळावा, असे ते म्हणते. आणि तिसरे म्हणते ते हे की, तपासणीत व उपचारांत अपंगांस प्राधान्य मिळावे. अमेरिकेतील अपंग रांगेत शेवटी ढकलले जाऊ म्हणून भ्याले. आमच्या कायद्याने त्यांस रांगेच्या अग्रभागी उभे केले आहे. २०२० च्या मार्चमध्ये केंद्राच्या अपंगविषयक विभागाने साथीसाठी काढलेल्या सूचनांतही प्राधान्याची हीच भाषा होती. इतके उदार वाक्य असून ते जनतेच्या तोंडी का रुळले नाही? आमच्या मते, त्यात देणारा ‘समुचित सरकार आणि स्थानिक प्राधिकरणे’ एवढ्या मोघम शब्दांत सांगितलेला आहे. इतक्या मोघमपणे लिहिलेले औदार्य वाचणाऱ्यास कोणाच्या दाराशी जाऊन मागावयाचे हे सांगत नाही.

मराठी माणसास ह्या वादाचे रूप ठाऊक झाले ते परळच्या एका खाटेवरून. अरुणा शानबाग ही के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचारास बळी पडली आणि १८ मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात पडून होती. तिच्यावर नाटक लिहिले गेले, पुस्तक लिहिले गेले. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळताना उपचार थांबविण्याचा एक अरुंद मार्गही घालून दिला. ह्या सर्व लिखाणात ‘तिने किती सोसावे’ हा प्रश्न फार आहे. आम्हांस अधिक बोलकी वाटते ती एक लहान हकिगत, जिच्यावर कोणी नाटक लिहिले नाही. १९८० नंतरच्या दशकात तिची खाट मोकळी करण्यासाठी तिला दुसरीकडे हलविण्याचा प्रयत्न महापालिकेने दोनदा केला, आणि दोन्ही वेळा परिचारिका विरोधास उभ्या राहिल्यामुळे तो सोडून द्यावा लागला. हे वाटपच होते. खाटा थोड्या आणि रुग्ण फार, ही पालिकेची अडचण खोटी नव्हती. परंतु परिचारिकांनी खाटेचा हिशेब केला नाही. ती आमची आहे, एवढेच त्या म्हणाल्या. पुढे न्यायालयानेही तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार बाहेरच्या हितचिंतकांस न देता रुग्णालयातील ह्या माणसांसच दिला. मरणाची मागणी करुणेच्या भाषेत आली होती आणि जगविणाऱ्यांनी करुणेची भाषा फारशी वापरलीच नाही, हा विरोध कोणत्याही चांगल्या नाटककारास मोहात पाडील असा आहे.

आणि तरीही आपल्या भाषेत एक म्हण आहे: अन्नछत्री जेवावे आणि वर मिरपूड मागावी. फुकट मिळते आहे ना, मग निवड कसली करतोस, असा तिचा दंश. उताराची फरसबंदी मागणाऱ्या, खुणांच्या भाषेचा दुभाषा मागणाऱ्या, ‘मला विचारून सुई टोचा’ म्हणणाऱ्या अपंगास समाज तोंडाने काही म्हणो, मनातून हीच म्हण ऐकवीत असतो. ती रचणाऱ्याने तंजावरचे अन्नछत्र पाहिले नसावे.

तंजावर चेन्नईहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे, आणि आमच्या येथील कित्येक मराठी घरांचे मूळ तेथेच आहे. १७९९ च्या तहाने सरफोजी राजांचे राज्य कंपनीकडे गेले. किल्ला, तनखा आणि मान तेवढा उरला. छत्रांचे उत्पन्नही जाणार असे दिसू लागले तेव्हा १८०१ साली राजांनी रेसिडेंट टोरिन ह्यांस एक पत्र लिहिले. गद्याचा नमुना म्हणूनही ते वाचनीय आहे. राजे आपल्या छत्रांत काय चालते ते एकेक करून सांगतात. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत येईल त्या वाटसरूस, जोगी-जंगम-बैराग्यांस शिजलेला भात मिळतो. शिजलेले न चालणाऱ्यास कोरडा तांदूळ मिळतो, आणि त्याबरोबर मसाल्याचे जिन्नसही. म्हणजे मिरपूड न मागता मिळते! पोरक्या मुलांस शिक्षकाच्या हवाली करतात, त्यांना तीनदा जेवण, दर चार दिवसांनी तेल, लागेल तेव्हा औषध. सूज, रोग आणि विषारी दंश ह्यांवर इलाज जाणणारे वैद्य प्रत्येक ठिकाणी असतात. आजाराने ज्याचा प्रवास खुंटला त्यास पथ्याचे अन्न देऊन बरा होईपर्यंत आदराने ठेवून घेतात. गरोदर स्त्री तेथेच बाळंत झाली तर खर्च, औषध आणि तीन महिन्यांचा मुक्काम. वाटप मध्यरात्रीपर्यंत चालते, आणि मग घंटा वाजवून पुकारा करतात की, ज्यांस अजून अन्न मिळाले नाही त्यांनी यावे.

ही घंटा आम्हांस त्या पत्रातील सर्वांत मोठी कल्पना वाटते. आजचा कोणताही अहवाल उघडावा, किती जणांस मिळाले ह्याचे आकडे पहिल्याच पानावर असतात. मिळाले नाही तो कोण, हे मुद्दाम विचारण्याची व्यवस्था त्या मध्यरात्रीच्या घंटेत होती. आणि मर्यादाही होत्याच. तीन महिने ही मर्यादाच आहे. पण ती गरजेच्या मुदतीवरून आखलेली आहे, बाळंतिणीच्या किमतीवरून नव्हे.

पत्राची भलावण येथे थांबविली पाहिजे. ते अर्जदाराचे पत्र आहे; धन्याच्या मनावर ठसावे म्हणून लिहिलेले आहे, आणि तंजावरची धर्मराज्य ही कीर्ती राखण्याची राजांची हौस त्यात लपत नाही. चारी वेदांचे शिक्षक आधी येतात, वैद्य मागून. शिजलेले आणि कोरडे ह्या भेदात जातीचा सारा शिष्टाचार बसलेला आहे. सदावर्त हक्क देत नाही. दाता खचला की ते संपते, आणि दाता खचला होता म्हणूनच तर पत्र लिहावे लागले. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोठे वैगुण्य असे की, छत्र हे वाटसरूसाठी आहे. वाटसरू बरा होतो आणि पुढे जातो. जो कधीच पुढे जाणार नाही त्याची योजना त्या पत्रात नाही. घंटा बहिऱ्यास ऐकू येत नाही, आणि ऐकू आली तरी पांगळा उठून येऊ शकत नाही.

तंजावरच्या दुसऱ्या एका संग्रहात मात्र निराळी दृष्टी दिसते. सरफोजींच्या धन्वंतरी महालातील नेत्ररोग्यांची टिपणे सरस्वती महालात जपलेली आहेत. चेन्नईच्या नेत्रवैद्यांनी त्यांचा अभ्यासही केला आहे. रोग्याची हकिगत, केलेला उपचार, आणि काही टिपणांबरोबर त्या त्या रोग्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र. टक्केवारीच्या दाखल्याशेजारी हे चित्र ठेवून पाहावे. चित्रकारास एकाच माणसाकडे बराच वेळ पाहावे लागले असले पाहिजे.

५ ऑगस्ट २०२१ रोजी तमिळनाडूत एक योजना सुरू झाली तिचे नाव ‘मक्कळैत् तेडि मरुत्तुवम्’, म्हणजे लोकांना शोधीत जाणारे वैद्यक. सरकारी नावे वाचून आम्हांस क्वचितच आनंद होतो, पण हे नाव ज्याने सुचविले त्याला व्याकरण कळत होते. कर्ता वैद्यक आहे. माणूस शोधला जातो. घंटा वाजवून थांबावयाचे नाही, घंटा घेऊन निघावयाचे, असा त्याचा अर्थ. मुख्य भर मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या घरपोच देण्यावर असला, तरी अंथरुणास खिळलेल्यांस घरी येऊन व्यायाम करविणे आणि दुर्धर आजाऱ्यांची वेदना कमी करणे हेही योजनेत आहे. वर ज्यास प्रसंगाचा मान नाही असे आम्ही म्हटले, त्यापैकी एका गोष्टीस तरी येथे दार उघडून आत घेतले आहे. तथापि घरी येणारी ती बाई गोळ्या देईल, आखडलेला गुडघा हलवून दाखवील, वहीत नोंद करील. त्याच माणसाचा श्वास एके रात्री कोंडला तर मोठ्या रुग्णालयात त्याला खाट मिळावी की शेजारच्या धडधाकटास, हे तिच्या हाती नाही. ते ज्याच्या हाती आहे त्याच्या टेबलावर पंचविसावे कलम असते की दुबळेपणाची श्रेणी, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.